अर्धी राहिलेली अदलाबदल

आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली परत पिशवीत ठेवली. मी स्टुलावर ठेवलेला पेला तसाच काठोकाठ भरलेला होता. अकोटहून अकोल्यापर्यंत भर उन्हात एसटीनं आलेली बाई, पण लेकीच्या घरचं पाणी तोंडाला लावायची नाही.

"माठातलं हाय, आई. गार हाय," मी म्हटलं.

"असू दे. भागली तहान."

पलीकडे माझ्या सासूबाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि पुन्हा तुरीत मान घातली. कुसुमबाई काळमेघ म्हणजे मोजकं बोलणारं माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी त्या रागावल्यात की नुसत्या गप्प आहेत हे मला ओळखता येत नसे.

आमच्या वऱ्हाडात जुनी माणसं लेकीच्या सासरी खात-पीत नाहीत. लेकीला मूल झालं की ही अट सुटते. आमच्याकडे ती सुटली नव्हती. दवाखाने झाले, नवस झाले, पुढे आम्ही नवरा-बायकोनं तो विषयच सोडून दिला. आईनं बाटली मात्र सोडली नाही.

"एक सांगाले आली," आई म्हणाली. "अक्षय तृतीया झाली का मी हिवरखेडले चालली. भाऊ म्हनते, ये. घर देऊन टाकते त्याले."

माझ्या हातातला पोह्यांचा डबा हातातच राहिला. अकोटचं ते घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे अंगण. बाबा कापसाच्या बाजारात मापारी होते, काट्यावर कापूस मोजायचे. त्या कमाईतून त्यांनी ते उभं केलं होतं. बाबा गेले, पेन्शन कुठली असणार! आईनं लोकांचे पापड लाटले, शेवया केल्या, आता मनगटं बोलायला लागली होती. मामा माझा देवमाणूस, पण मामी मिठाचा खडासुद्धा मोजून देणारी. आणि माझी आई, जिनं कधी कोणाच्या चुलीवर आपला चहा ठेवला नाही, ती आता भावजयीला विचारून चहा घेणार होती.

"मी काय मेले का?" मी म्हटलं.

"असं बोलू नाही तिन्हीसांजा."

"तिन्हीसांजा कुठे, अकरा वाजले आहेत!"

"तरी बोलू नाही."

तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं. पैसे पाठवले तर ते दिवाळीला माझ्याच अंगावर साडी होऊन परत येत, वर ओटीत खण आणि नारळ. माझ्या कारखान्यात कामाला ये म्हटलं, तर म्हणाली, "लेकीच्या दारी चाकरी करू, अन् वरून मजुरी घेऊ?" कारखाना हा शब्दही मोठाच झाला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा बायका ज्वारीचे धापोडे, कुरड्या, मूगवड्या असं वाळवण करत आणि नागपूरचा माझा भागीदार निनाद ते इंटरनेटवर विकत असे. दुकानाचं नाव 'सुपडं'. माल उत्तम होता, वेबसाइट देखणी होती, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. जाहिरातीवर घातलेले पैसे पाण्यात गेले होते.

निनाद गेले काही दिवस एकच टुमणं लावून बसला होता: अ‍ॅफिलिएट नेमू. म्हणजे आपला माल दुसऱ्यांना सुचवणारी माणसं. प्रत्येकाला एक कोड द्यायचा. गिऱ्हाइकानं मागणी नोंदवताना तो कोड टाकला की गिऱ्हाइकाला थोडी सूट आणि कोडवाल्याला थोडी दलाली. मी ते कानाआड करत होते. त्या क्षणी मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आई, तू आडत घेशील?" मी विचारलं.

"कायची आडत?"

"बाबांच्या बाजारात अडत्या घेतो तशी. तू चार बायांना सांगायचं, बाई, सुपडंचा माल चांगला हाय. त्यांनी घेतला की तुला तुझी आडत. हे काही माझं देणं नाही. तुझ्या तोंडाची कमाई."

आई विचारात पडली. आयुष्यभर बाजारातल्या माणसाशी संसार केलेली बाई ती. आडत म्हणजे भीक नव्हे हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"अडत्या घेते ते हक्काचं असते," ती सावकाश म्हणाली. "पन मले तं बायाच मायीत हाय गल्लीतल्या."

"त्याच आण. त्यांनाही कोड देऊ. त्यांच्याकडून आणखी बाया येतील."

"अन् माह्या पैशात तू डोकं घालाचं नाही. किती आले, किती नाही, इचाराचं नाही."

"नाही विचारणार. हिशेब निनादकडे."

ती गेल्यावर मी पेला उचलायला आले, तर सासूबाईंनी तो आधीच उचलला होता. त्यांनी ते पाणी नेऊन तुळशीला घातलं आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.

*

पुढच्या आठवड्यात मी अकोटला गेले, ती थेट बेबीताई वानखडेंच्या अंगणात. आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे पापड कोणी एकटीनं लाटत नाही. आज हिच्या अंगणात सगळ्या जमतात, उद्या तिच्या. जिचं घर तिचं पीठ, बाकीच्यांचे हात. मजुरी नाही, फक्त लाट्या. लाटी म्हणजे पापडाच्या पिठाची गोळी. तेलात बुडवून ती खायची, वर पाणी प्यायचं. लाटणाऱ्या बाईला लाट्या न देता परत पाठवलं, तर त्या घराचं नाव वर्षभर गल्लीत निघतं.

आईनं तिथे पंधरा-वीस बाया गोळा केलेल्या पाहून मी थक्कच झाले. निनादनं इंग्रजीत छान पत्रकं करून दिली होती. ती मी पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

"पाहा वं," आई लाटता लाटताच सांगू लागली, "आपल्या पोरी कोनी पुन्याले, कोनी सुरतले. आपन ट्रॅव्हल्सच्या डायवरापाशी पापड देतो. पोचते काय?"

"चुरा!" बेबीताई म्हणाल्या. "माह्या सुनीतानं फोन केला, आई, पापड पाठोले का पीठ पाठोलं?"

अंगण हसलं.

"तं हे प्रणिता सांगते ते आयका. पुठ्ठ्याच्या खोक्यात भरते, एक मोडत नाही. पोरीनं मोबाइलवर मांगाचं, कोड टाकाचा, घरी येते. आपल्याले आडत."

मी कोड कसा टाकायचा ते दाखवलं. बायांनी मोबाइल पिठाच्या हातांनी धरले, पडदे पांढरे झाले. सगळं समजलं असं वाटत असताना कोपऱ्यातल्या चंद्रभागाकाकूंनी हातातलं लाटणं थांबवलं. तीन लेकी उजवलेल्या या काकू गल्लीत शहाण्या म्हणून ओळखल्या जात.

"एक सांग वं पोरी. माह्या लतानं घेतलं, अन् माहा कोड टाकला, तं पैसे कोनाले?"

"तुम्हालाच, काकू!"

मला वाटलं, आता आनंदी आनंद होईल. पण अंगणातली लाटणी थांबली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईचंही लाटणं क्षणभर थांबलं होतं.

"लाटा वं लाटा," आई म्हणाली. "पीठ सुकून राह्यलं."

*

आणि मग दुकान चाललं. चाललं म्हणजे पळत सुटलं. पुणे, सुरत, हैदराबाद, कुठून कुठून मागण्या येऊ लागल्या. लेकींनी घेतलं, लेकींच्या शेजारणींनी घेतलं, ऑफिसातल्या मैत्रिणींनी घेतलं. शेडमध्ये आणखी बाया ठेवाव्या लागल्या. दर दोन दिवसांनी आईचा फोन यायचा, अमकीला कोड दे, तमकीला दे, अंजनगावच्या एका बाईलाही पाहिजे. मी विचारायची, "तुझं बरं चाललंय ना?" ती म्हणायची, "चाललं हाय. डोकं घालू नको म्हनलं ना." मी शब्दाची पक्की राहिले. मनातल्या मनात मात्र मी तिला अकोटच्या अंगणात बसलेली पाहत होते, आणि हिवरखेडचं नावही निघत नव्हतं.

अक्षय तृतीया तोंडावर आली तेव्हा निनादचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"प्रणिता, तुझ्या अकोटच्या बायांची आडत मी थांबवलीये."

"का?"

"लबाडी आहे. सगळ्या मिळून करताहेत. वानखडेबाईंच्या मुलीनं कधी वानखडेबाईंचा कोड टाकलेला नाही. ती चंद्रभागाबाईंचा टाकते. चंद्रभागाबाईंच्या तिन्ही मुली वानखडेबाईंचा टाकतात. एकूण एक बाई असंच करतेय. एकेकीला फोन करून माहेरचं नाव विचारलं मी. आपण माणूस आणल्याचे पैसे देतो, कोडांचा पत्त्यांसारखा डाव मांडायचे नाही. कोणीतरी डोकेबाज माणूस यांना शिकवतोय."

"अरे, पण माल तर विकला जातोय!"

"आज विकला जातोय. हे असं कळत असून मी पैसे सोडले, तर उद्या दुसरे कोणी आपल्याला लुबाडतील. माझी सगळी पुंजी यात आहे. तू जाऊन छडा लाव, नाहीतर अकोटचे सगळे कोड बंद."

दुसऱ्या दिवशी मी अकोटला. पापड लाटायची पाळी आता आमच्याच अंगणाची होती. मी चप्पल काढायच्या आतच विचारलं, "कोडांची अदलाबदल कोण करतंय?"

मला वाटलं होतं, चेहरे पडतील. कसलं काय! बेबीताई उलट खुलल्या.

"आमीच तं करतो! काहून, चुकलं का?"

"पण का?"

"आता पाह्य," चंद्रभागाकाकू मला बालवाडीतल्या पोरीसारखं समजावत म्हणाल्या. "लेकीनं घेतलं का मायले पैसे, असं तूच म्हनलं. मंग लेकीचा पैसा कोन खाईल वं? पाप नाही लागत? म्हनून माह्या लतानं बेबीचा कोड टाकला, बेबीच्या सुनीतानं माहा टाकला. आता बेबीचा पैसा मले आला, माहा बेबीले गेला. लेकीचा कोनीच खाल्ला नाही."

"आज तुह्या घरी, उद्या माह्या घरी," बेबीताईंनी लाटणं हलवून दाखवलं. "पापडावानी."

मला हसू आवरेना. निनादचा तो डोकेबाज माणूस! मी विचारलं, "ही अक्कल कोणाची?"

सगळ्या जणींनी आईकडे बोट केलं. आई मान खाली घालून लाटत होती.

"वा, आई! आणि तुझा कोड कोणाच्या लेकीला दिलास?"

चंद्रभागाकाकूंनी एका वाळत्या पापडाची कड उगीचच सरळ केली.

"कोनालेच नाही," आई शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? अदलाबदल कराची तं दोघींपाशी लेकी पाहिजे गिऱ्हाईक. बेबीची लेक चंद्रभागेले, चंद्रभागेची बेबीले. मी कोनाशी बदलू? माही लेक तं दुकानच हाय. कोनाचाही कोड टाकला तरी मले येनारा पैसा तुह्याच गल्ल्यातून येते." तिनं पापड उचलून खाटेवर टाकला. "त्या दिवशी चंद्रभागेनं इचारलं, तवाच ध्यानात आलं माह्या."

"अन् तेव्हापासून तू फुकट या सगळ्या बाया जमवतेस?"

"फुकट कायचं? तुह्या धंद्याले बाया पाहिजे होत्या. त्या देल्या."

"आम्ही म्हनलं तिले," बेबीताई हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या पोरी तुहा कोड टाकतीन. आयकत नाही."

मी आत गेले. खोलीत दोन ट्रंका दोरीनं बांधून ठेवल्या होत्या. बाबांच्या फोटोची जागा भिंतीवर चौकोनी पांढरी दिसत होती. मी तिथेच बसून पोटभर रडले. ज्या कामासाठी मी हे सगळं उभं केलं, तेवढंच एक काम त्यातून झालं नव्हतं.

*

निनादला मी रस्त्यातूनच फोन केला आणि सगळं सांगितलं.

"माझी आई वर्ध्याला ताईकडे जाते ना," तो म्हणाला, "तेव्हा डबा घेऊन जाते. आम्ही हसतो तिला." मग म्हणाला, "सोडतो पैसे. नियमात एक ओळ वाढवू, कोड आपसात बदलायला हरकत नाही."

गल्लीचा प्रश्न सुटला. माझा होता तिथेच होता.

घरी आले तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. माझे सुजलेले डोळे पाहून त्यांनी फक्त पाट पुढे सरकवला. मी बसले आणि सगळं बोलून टाकलं, अगदी भिंतीवरच्या चौकोनापर्यंत. त्यांनी ती भाकरी शेकली, तवा उतरवला, हात धुतले.

"उद्या सकायच्या गाडीनं मी अकोटले जाते," त्या म्हणाल्या. "तू चाल."

सासूबाई कधी माझ्या माहेरी गेल्या नव्हत्या असं नाही, पण गेल्या त्या मानपानाच्या कारणानं. आज कुठलंच कारण नव्हतं. आई त्यांना दारात पाहून गोंधळली. सतरंजी टाकली, बांधलेल्या ट्रंकांवर घाईघाईनं चादर टाकली, पाण्याचा तांब्या आणला. सासूबाई घटाघट पाणी प्यायल्या.

"इहीनबाई," त्या म्हणाल्या, "माही नांदेडची पोरगी, नंदा. पोरींच्या वसतिगृहाची खानावळ चालोते. तिले महिन्याच्या महिन्याले पापड, वड्या लागते. सुपडंतूनच घेते, पन कोडाबिगर. तिले सांगतलं मी काल, या म्हयन्यापासून तुमचा कोड टाकाचा."

आईचा चेहरा आक्रसला. "नाही हो, कुसुमबाई. कोड कोनाचाही टाका, पैसा तं लेकीच्याच घरातला येते. माह्याच्यानं नाही होनार."

"लेक कोनाची?"

"आता... माही."

"इथं अकोटात तुमची. अकोल्यात ते माही सून हाय. दुकान माह्या सुनेचं, गिऱ्हाईक माही लेक. तुमची लेक आली कुठं याच्यात?"

पण आई इतक्यानं ऐकणारी नव्हती.

"अदलाबदल पाहिजे ना पन," ती चाचरत म्हणाली. "तुमची लेक मले देता, मी तुमाले काय देऊ? माह्यापाशी..."

"देलं की," सासूबाई म्हणाल्या. "आठ वर्षं झाले, तुमची लेक माह्या घरात हाय. तुमची बाजू तुमी तवाच देली. माह्याकडून तुमच्याकडे काय आलं? काहीच नाही. अदलाबदल अर्धीच राह्यली, इहीनबाई. मले राह्यलेली अर्धी पुरी कराची हाय."

त्या बाईच्या तोंडून मी एका दमात एवढं कधी ऐकलं नव्हतं. आठ वर्षं मला वाटत होतं, मूल नाही म्हणून मी त्यांच्या हिशेबात कमी पडतेय. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला कोणाकडेच बघवेना.

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग उठली, आत जाऊन एक पोळपाट आणि लाटणं घेऊन आली आणि सासूबाईंच्या पुढे ठेवलं.

"बसा मंग," ती म्हणाली. "पीठ भिजोलेलं हाय. पन रीतीनं चालाचं असन तं पुरं रीतीनं. आज माह्या घरी. उद्या तुमच्या."

सासूबाईंनी पदर खोचला. त्यांचे पापड जरा जाडच होत होते. आईनं ते पाहिलं आणि न बोलता उचलून वाळत घातले. दुपारी दोघींनी एकाच वाटीतल्या तेलात लाट्या बुडवल्या, आणि संध्याकाळी आईनं माझ्याकडून ट्रंकांच्या दोऱ्या सोडवून घेतल्या.

आज या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. सुपडं मोठं झालं, निनादच्या त्या एका ओळीवर गावोगावच्या बायांनी आपापली अदलाबदल जमवली. आई अजून अकोटच्या घरातच आहे, बाबांचा फोटो परत त्या चौकोनात आहे. पण मला आठवते ती त्यानंतरच्या सोमवारची सकाळ.

आमच्या अंगणात सासूबाईंनी उडदाचं पीठ कुटून ठेवलं होतं. आई दहाच्या एसटीनं आली. येताच हात धुऊन लाटायला बसली. पाहुणीसारखं माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. उन्हं चढली तशा सासूबाईंनी लाट्यांचं ताट आणि तेलाची वाटी तिच्या पुढे ठेवली. लाटणाऱ्या बाईला लाट्या न देता कोण परत पाठवतं! आईनं एक लाटी उचलली, तेलात बुडवली आणि खाल्ली. मग दुसरी खाल्ली.

"प्रणिता," ती म्हणाली, "पानी दे वं."

मी माठातलं दिलं. तिनं पेला तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. सासूबाई मान वर न करता लाटत राहिल्या.

संध्याकाळी स्टँडवर तिला सोडताना पिशवी मी उचलली. हाताला हलकी लागली, म्हणून आत पाहिलं. आत फक्त तिचं लाटणं होतं.